पुरावेकाका

काही माणसांचा विश्वास देवावर असतो, काहींचा माणसांवर. पुरावेकाकांचा कागदावर आहे, आणि तोही सही-शिक्क्याचा असेल तरच. त्यांचं खरं आडनाव न्यू जर्सीतल्या निम्म्या मराठी मंडळींना आता आठवतही नाही. एडिसन, आयझेलिन, वुडब्रिज या पट्ट्यात कुणा मराठी पोराचं अमेरिकन नागरिक असलेल्या मुलीशी जमलं, की अभिनंदनाच्या पाठोपाठ कुणीतरी हळूच सांगतं, “वकील केला असशीलच, पण पुरावेकाकांकडे एकदा जाऊन ये.”

वय पंच्याहत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. अंगात अर्ध्या बाह्यांचा चौकडीचा शर्ट, हिवाळ्यात त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर. खिशाला दोन पेनं, निळं लिहायला आणि लाल खूण करायला. उमेदीची सगळी वर्षं पुण्यात सरकारी लेखापरीक्षणात गेली. थोरल्या भावानं इथून अर्ज भरला, भावा-बहिणींच्या रांगेत एक तप निघून गेलं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर काका, काकू आणि दोन मुलं नेवार्कच्या विमानतळावर उतरली. इथे एका औषधांच्या गोदामात मालाच्या पावत्या जुळवायची नोकरी मिळाली. तीही यथावकाश संपली. काका नोकरीतून निवृत्त झाले, तपासणीतून झाले नाहीत. काकूंच्या वाणसामानाच्या यादीवर आजही त्यांची लाल खूण असते. ब्रिजवॉटरच्या बालाजीला अभिषेक केला, तर पावती हातात आल्याशिवाय ते पुण्य जमेला धरत नाहीत.

अशा माणसाला अमेरिकन सरकारनं आपणहून एक खातं उघडून दिलं. लग्न खरं की खोटं, हे तपासण्याचं.

प्रकरण थोडक्यात असं. नोकरीच्या वाटेनं ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीय माणसाची दहा-पंधरा वर्षं रांगेत सहज जातात, कारण कुठल्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यात साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला मात्र ही रांगच नाही, त्यांच्यासाठी संख्येची मर्यादाच ठेवलेली नाही. म्हणजे मंगलाष्टकं संपता संपता माणसाचं एक दशक वाचतं. सरकारला शंका येते ती इथे. म्हणून मग अर्ज, पुरावे आणि शेवटी नवरा-बायकोला समोर बसवून इंटरव्ह्यू. कार्डासाठी खोटं लग्न लावल्याचं सिद्ध झालं, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. हे कलम काका नव्या जोडप्याला चहाच्या आधी सांगतात. चहा मग बहुतेक तसाच राहतो.

माझा भाचा असाच त्यांच्या तावडीत सापडला. तो कोथरूडचा, एच-१बी व्हिसावर आलेला. बायको जन्मानंच जर्सीची, आई-वडील सांगलीचे. लग्न पुण्यात झालं, कारण मुलीच्या आजीला विमानप्रवास झेपणारा नव्हता. अशा लग्नात खोटं काय असणार? पण लोकांच्या जिभेला हाड नसतं, आणि “कार्डासाठी केलं असेल” हे वाक्य मंडळाच्या पिकनिकला दोन वेळा तरी कानावर आलं होतं. तेव्हा जोडपं काकांच्या बेसमेंटमध्ये दाखल झालं.

पहिल्याच दिवशी काकांनी दोघांची नावं बाजूला ठेवली.

“तू अर्जदार,” त्यांनी सूनबाईंकडे पेन केलं, “आणि तू लाभार्थी.”

घरकुल योजनेच्या यादीत आपलं नाव निघाल्यासारखा भाच्याचा चेहरा झाला.

“काका, लाभार्थी काय? मी टॅक्स भरतो.”

“आय-१३० फॉर्मात तसंच आहे. अर्ज ती करते, लाभ तुला होतो. पुढे चला.”

काकांच्या बेसमेंटमध्ये एक लांब टेबल, एक प्रिंटर आणि भिंतीला लागून लोखंडी कपाट. अमेरिकन बाइंडरवर त्यांचा भरवसा नाही, त्याची कडी उघडली की पानं मोकळी होतात म्हणे. फायली बांधायच्या लेस ते दर खेपेला पुण्याहून, अप्पा बळवंत चौकातून आणतात. त्या लेसमध्ये ओवलेलं लग्न सुटत नाही, असा त्यांचा दावा आहे.

पहिला टप्पा कागदांचा. भाड्याच्या करारावर दोघांची नावं हवीत, बँकेचं खातं जोडखातं हवं, विम्यात एकमेकांचं नाव हवं, टॅक्स जोडीनं भरलेला हवा, विजेचं बिल दोघांच्या नावानं यायला हवं. पुण्याचा महापालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला हवा आणि परभाषेतल्या प्रत्येक कागदाला अचूक इंग्रजी भाषांतर व भाषांतरकाराचं लेखी प्रमाणपत्र हवं. आय-८६४ नावाच्या प्रतिज्ञापत्रात अर्जदार बायकोनं कबूल करायचं, की माझं उत्पन्न गरिबीच्या रेषेच्या निदान सव्वापट आहे आणि याला पोसण्याची जबाबदारी माझी. हे वाचून दाखवताना काकांना विशेष स्फुरण चढतं. “आपल्याकडे मुलीचा बाप मुलाचा पगार विचारतो. इथे सरकार मुलीचा विचारतं, आणि सहीनिशी लिहून घेतं!”

फॉर्मात एक रकाना होता : यापूर्वी वापरलेली इतर नावं. सूनबाई सहज बोलून गेली, की लग्नात सासूबाईंनी हौसेनं तिचं नाव बदललं होतं, ताम्हणातल्या तांदळात अंगठीनं लिहून. काकांचं लाल पेन हवेतच थांबलं.

“ते नाव वापरलं का?”

“त्या एका दुपारीच. नंतर कुणीच त्या नावानं हाक मारली नाही.”

“आणि तांदूळ?”

“त्याचा भात केला.”

“म्हणजे पुरावा नष्ट,” काकांनी समासात नोंद केली.

मग फोटो. लग्नाचे नऊशे फोटो भाच्यानं लॅपटॉपवर उघडले. काकांनी ते एकेक करून पाहिले आणि विचारलं, “यात तुम्ही दोघंच कुठे आहात?” कुठेच नव्हते. मराठी लग्नात नवरा-नवरी एकांतात सापडत नाहीत. मंगलाष्टकांना मध्ये अंतरपाट, सप्तपदीला मध्ये भटजी, आणि उरलेल्या वेळात मध्ये आत्या. भाचा ओशाळला, पण काका खूश होते. “गर्दी असू दे. खोट्या लग्नाला आत्या येत नाहीत.” निवडक फोटो छापले गेले आणि प्रत्येकाच्या पाठीमागे कोण कुठे उभं आहे, ते लिहायचा हुकूम सुटला. ‘डावीकडून तिसऱ्या, लाभार्थ्याच्या आत्याच्या धाकट्या जाऊबाई’ हे लिहिण्यासाठी पुण्याला मध्यरात्री फोन गेले. आत्याला हा प्रश्नच झोंबला. “माझ्या जाऊबाईंना ओळखत नाहीस? तुझ्या मुंजीत चांदीची वाटी दिली होती त्यांनी!” काकांनी वाटीचाही फोटो मागवला.

दुसरा टप्पा सिनेमाचा. पीटर वीअर यांचा १९९० सालचा ‘ग्रीन कार्ड’ काकांच्या मते मनोरंजन नसून प्रशिक्षणपट आहे. त्यात एक फ्रेंच पुरुष आणि एक न्यूयॉर्कची बाई सोयीपुरतं लग्न करतात आणि इंटरव्ह्यूसाठी एकमेकांची माहिती पाठ करतात. शेवटी बायकोच्या क्रीमच्या नावापाशी नायक अडखळतो. सगळं जग तिथे हळहळतं. काका म्हणतात, “उजळणी कमी पडली.” मधले प्रेमाचे प्रसंग ते पुढे पळवतात, कारण तो भाग त्यांच्या अभ्यासक्रमात नाही.

तिसरा टप्पा स्टोक्स. हा शब्द काका आवाज खाली आणून उच्चारतात. अधिकाऱ्याला शंका आली, तर नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून दोघांनाही तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं ताडून बघायची, या प्रकाराला इथले वकील ‘स्टोक्स इंटरव्ह्यू’ म्हणतात. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात चाललेल्या एका खटल्यावरून ते नाव पडलं. सरळसोट प्रकरणात तिथवर वेळ येत नाही. पण काकांच्या जगात सरळसोट प्रकरण नसतंच, फक्त आक्षेप अजून न सापडलेलं प्रकरण असतं.

तेव्हा लाभार्थी बेसमेंटमध्ये, अर्जदार वर स्वयंपाकघरात काकूंच्या देखरेखीखाली, आणि दोघांच्या मध्ये प्रश्नपत्रिका घेऊन जिना चढता-उतरताना पंच्याहत्तरीचे काका. पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं? सकाळी आधी कोण उठतं? सासऱ्यांचा वाढदिवस? टूथपेस्ट कुठली? घरातल्या पडद्यांचा रंग कोणता? या शेवटच्या प्रश्नाला भाच्यानं प्रतिप्रश्न केला, “आमच्या घरात पडदे आहेत?” काकांनी ते जसंच्या तसं टिपून घेतलं.

काल रात्री काय जेवलात, या प्रश्नावर मात्र स्फोट झाला. अर्जदाराचं उत्तर : आमटी-भात. लाभार्थ्याचं : पिझ्झा. समोरासमोर चौकशी झाली, तेव्हा उघड झालं, की भाचा ऑफिसात पिझ्झा खाऊन आला होता आणि बायकोचं मन मोडायला नको म्हणून घरी आमटी-भाताचे चार घास गिळून “मस्त झालीय” म्हणाला होता. असं त्यानं मंगळवारीही केलं होतं. त्या बेसमेंटमध्ये उघडकीला आलेला पहिला गुन्हा इमिग्रेशनच्या कायद्यात बसणारा नव्हता, पण शिक्षा झाली. दोघं परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलले नाहीत.

काकांवर आरोप करायचा तर हा करता येणार नाही, की ते खोटं शिकवतात. उलट त्यांचा पहिला नियम असा : “खोटं एक अक्षर सांगायचं नाही. पण खरं दोघांनी सारखं सांगायचं.” या नियमाचा दुसरा भाग पाळणारं जोडपं आजवर पृथ्वीवर झालेलं नाही, हे त्यांना चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारातही उमगलेलं नाही. हिशेबात एका व्यवहाराला एकच खरा आकडा असतो. संसारात एकाच प्रसंगाला दोन असतात आणि दोन्ही बरोबर असतात. काका त्यातला एक खोडत बसतात.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कसं, ते काकूंनी सूनबाईला सांगितलं. खाली भाच्याची सासऱ्यांच्या वाढदिवसावरून उलटतपासणी चालली होती आणि वर काकू तिच्या पानात थालीपीठ वाढत होत्या.

अमेरिकेचा व्हिसा निघाला, तेव्हा काका-काकूंना मुंबईत ब्रीच कँडीच्या वकिलातीत बोलावलं होतं. तिथे लग्नाचा दाखला मागितला. यांचं लग्न १९७६ सालचं. तेव्हा नोंदणी करतो कोण? अक्षता पडल्या, पंगत उठली, लग्न झालं. हजारो व्हाउचरं तपासून ‘पावती जोडलेली नाही, सबब अमान्य’ असा शेरा मारणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या लग्नाची पावती नव्हती. सापडली ती हळदीकुंकवाची बोटं उमटलेली एक लग्नपत्रिका. भटजी वारले होते, फोटोवाल्याचं दुकान बंद झालं होतं. मग लग्नाला हजर असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्रं केली. काकांच्या चुलत्यांनी सरळ मजकूर लिहिला. काकूंच्या मामांनी मात्र ‘सदर विवाहात जिलबी कमी पडली’ हेही सत्यप्रतिज्ञेवर नमूद केलं.

“वकिलातीनं ते मान्य केलं गं,” काकू म्हणाल्या, “यांनी आजतागायत केलेलं नाही.”

ठरल्या दिवशी सकाळी काका दोघांना सोडायला मेट्रोपार्क स्टेशनावर आले. फाइल चाकांच्या बॅगेत होती. नेवार्कच्या गाडीत चढताना त्यांनी शेवटचं बजावलं, “पहिली भेट : गणेशोत्सव, प्रसादाची रांग, तिनं मोदक दिला. दोघांचंही हेच. पाठ आहे ना?” दोघांनी मान डोलावली. ते खरंही होतं. मंडळाच्या गणपतीतच त्यांची ओळख झाली होती.

संध्याकाळी काकांच्या घरी सगळे जमलो. काका वही उघडून बसले होते.

“उजवा हात वर करून शपथ?”

“घेतली.”

“मग फॉर्मावरचे हो-नाहीचे प्रश्न?”

तेही झाले होते. नरसंहारात कधी भाग घेतलात का? कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का? एकाहून जास्त बायका करायच्या इराद्यानं आला आहात का? भाचा ओळीनं “नो” म्हणत गेला, शेवटच्या प्रश्नाला तेवढं त्यानं सवयीनं आधी बायकोकडे पाहिलं.

“पडद्यांचा रंग?”

“नाही विचारला.”

“टूथपेस्ट?”

“नाही.”

“आत्याच्या जाऊबाई?”

“काका, त्यानं करार, टॅक्सचे कागद, लग्नाचा दाखला आणि सातआठ फोटो घेतले. फोटो उलटे करून पाहिलेही नाहीत. वीस-पंचवीस मिनिटांत आम्ही बाहेर.”

काकांनी वही मिटली. चार किलोची फाइल चाकांवर जशी गेली तशी परत आली होती. “हल्ली तपासणीचा दर्जा राहिला नाही,” ते म्हणाले. कार्ड मिळण्याचा आनंद एका पारड्यात आणि आत्याच्या जाऊबाई न विचारल्याचा अपमान दुसऱ्यात, आणि दुसरं खाली गेलेलं स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी वही पुन्हा उघडली. “पहिली भेट तरी विचारली?”

इथे सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. “विचारली. तू सांग.”

भाच्यानं घसा साफ केला. अधिकाऱ्यानं त्यालाच विचारलं होतं, पण थोडं वेगळ्या तऱ्हेनं : हिला सर्वांत आधी कधी पाहिलंत? हात वर करून शपथ घेतलेली. त्यामुळे त्यानं खरं ते सांगितलं. गणपतीच्या आदल्या वर्षी एका पार्कात ढोल-ताशा पथकाचा सराव चालला होता. ही ढोल वाजवत होती आणि प्रत्येक तिसरा ठोका चुकवत होती. त्यानं मित्राला हिचं नाव विचारलं आणि पुढच्या वर्षी मुद्दाम प्रसादाच्या रांगेत दोनदा उभा राहिला.

“आणि हे मला त्या ऑफिसात कळलं!” सूनबाई म्हणाली. “मी म्हटलं, हे मला कधी सांगितलं नाहीस! मराठीतच म्हटलं, भान राहिलं नाही. आणि मी ठोका चुकवत नव्हते.”

“अधिकारी काय म्हणाला?” काकांचा आवाज कापत होता.

“त्यानं मला विचारलं, तू कधी पाहिलंस? मी मोदक सांगितला.”

“दोन उत्तरं!” काकांनी लाल पेन काढलं. “एका व्यवहाराच्या दोन तारखा! काय शिकवलं होतं मी?”

पण त्या दोन तारखांनी काही बिघडलं नाही. मंजुरीचं पत्र आलं. लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नव्हती, म्हणून कार्ड मिळालं ते दोन वर्षांच्या मुदतीचं, सशर्त. खोट्या लग्नांना आळा घालायला अमेरिकन काँग्रेसनं १९८६ साली कायदा करून ही अट घातली. मुदत संपण्याच्या आधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१ हा अर्ज भरायचा आणि लग्न अजून चालू असल्याचे पुरावे पुन्हा जोडायचे. भाच्याचं तोंड उतरलं. काकांचं मात्र उजळलं. सरकारात अजून एक तरी शहाणा माणूस आहे, ज्याला फेरतपासणीचं महत्त्व कळतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी कपाटातून नवी फाइल काढली, लेस ओवली आणि पहिल्या पानावर तारीख टाकली.

“आजपासून सगळं जपायचं. सिनेमाची तिकिटं, हॉटेलची बिलं, विमानाचे पास. आणि भांडलात तर निरोप फोनवर लेखी पाठवा, तारखेसकट राहतो. खोटी जोडपी भांडत नाहीत, त्यांना वेळ कुठे असतो?”

“म्हणजे दोन उत्तरं चालतात?” सूनबाईनं विचारलं.

काका अडकले. पेढ्यांचं ताट घेऊन आलेल्या काकूंनी त्यांची सुटका केली, की त्यांना आणखी अडकवलं, ते सांगता येत नाही.

“चालतात तर. हे सांगतात, मला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या घरी, कांदेपोह्यांच्या वेळी. मी यांना त्याच्या आधीच पाहिलं होतं, पीएमटीच्या बसमध्ये. कंडक्टरकडे सुटे नव्हते, म्हणून त्यानं तिकिटाच्या मागे बाकी लिहून दिली. सगळे तेवढ्यावर गप्प बसतात. हे त्याच्याकडे त्या आकड्याखाली सही मागत होते. बस थांबलेली, लोक ओरडतायत, आणि हे म्हणतायत, सहीशिवाय ग्राह्य नाही.”

“आणि तरी पोह्यांच्या वेळी हो म्हणालात?” भाच्यानं विचारलं.

“म्हटलं, माणूस हिशेबाला चोख आहे, फसवणार नाही.”

काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत चढवला. आम्हाला वाटलं, आता लाल पेन निघणार, साक्षीदार विचारले जाणार. पण काका उठून सरळ लोखंडी कपाटाकडे गेले.

“सही दिली होती त्यानं,” आतून खुडबुड ऐकू आली. “ते तिकीट आहे माझ्याकडे.”

काकू ताट हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. “अगं बाई! इतकी वर्षं जपून ठेवलंत? मी होते म्हणून?”

“तू होतीस ते आज कळतंय मला,” काका कपाटातून डोकं बाहेर काढत म्हणाले. “पंचवीस पैसे यायचेत अजून.”